पंधराचं वजन

पलंगाच्या डाव्या बाजूला तीन उशा होत्या. एक गुडघ्यांखाली घ्यायची, एक कमरेखाली, आणि तिसरी कुठेच नीट बसत नव्हती, पण टाकवतही नव्हती. खिडकीच्या कट्ट्यावर मलमाच्या चार नळ्या होत्या, त्यांतल्या दोन पिळून पिळून गुंडाळी झालेल्या. गोळ्या पाच प्रकारच्या, एकूण सदतीस. शेकायची रबरी पिशवी एक, कमरेचे पट्टे दोन, काठी एक. कपाटामागे एमआरआयची तीन मोठी पाकिटं उभी होती. तिन्हींत मिळून अकरा फिल्म होत्या, आणि अकराही फिल्म बघून डॉक्टर लोक एकच वाक्य म्हणाले होते, "वयाच्या मानाने कणा छान आहे."

हे सगळं त्यानेच मोजलं होतं. मोजल्याशिवाय त्याला चैन पडत नसे, आणि त्यात त्याचा दोष नव्हता. एकवीस वर्षं तो वजनकाटे तपासायचं काम करत होता. गाडीतून वजनं घेऊन गोदामांत, कारखान्यांत जायचं, ठाऊक असलेलं वजन काट्यावर ठेवायचं, काटा खरं बोलतो का ते बघायचं आणि बोलत असेल तर सील ठोकायचं. एकदा औषधाच्या कारखान्यातल्या काट्याला त्याने तीन मिलीग्रॅमच्या फरकापायी सील नाकारलं, तेव्हापासून कार्यालयात सगळे त्याला 'मिली' म्हणत.

लहान काट्यांची वजनं चिमट्याने उचलायची असतात. मोठ्या काट्यांची मात्र बिडाची, वीस-वीस किलोची, वर मूठ असलेली. तीनशे किलोचा काटा तपासायचा तर अशी पंधरा वजनं वर चढवायची आणि पंधरा खाली उतरवायची. दिवसात असे पाच काटे. सोळा महिन्यांपूर्वी रंगाच्या एका गोदामात नववं वजन उचलताना कमरेत खटकन काहीतरी झालं आणि तो तिथेच डब्यांच्या मधोमध ओणवा राहिला. दोन माणसांनी त्याला त्याच अवस्थेत, इस्त्रीच्या टेबलासारखं, गाडीत घातलं.

सहा आठवड्यांत स्नायू भरून आला. यावर सगळ्या डॉक्टरांचं एकमत होतं. दुखणं मात्र पाठ सोडायला तयार नव्हतं, आणि हे वाक्य विनोद म्हणून त्या घरात फार लवकर शिळं झालं.

मग कार्यालयाचं पत्र आलं. बारा आठवड्यांनी चाचणी. वीस किलोचं वजन जमिनीवरून उचलून कमरेइतक्या उंच टेबलावर ठेवायचं, दहा मिनिटांत वीस वेळा. जमलं तर पुन्हा गाडीवर. नाही जमलं तर नोंदणीच्या खिडकीत बदली, आठ तास खुर्चीत. आणि खुर्चीत तो जास्तीत जास्त बावीस मिनिटं बसू शकत होता. त्यामुळे खिडकी म्हणजे खरं तर घरच, आणि घर म्हणजे त्या तीन उशा.

"बारा आठवडे खूप झाले," बायको पत्र वाचून म्हणाली. ती गाडी चालवायला शिकवणाऱ्या शाळेत शिक्षिका होती. "माझ्याकडे बारा आठवड्यांत लोक घाट चढून येतात."

"त्यांच्या गाडीला इंजिन असतं."

"तुमचंही आहे. नुसतं सुरू करून उभं ठेवलंय, एवढंच."

तिने सहज म्हटलं होतं. पण पुढच्या आठवड्यात नवीन डॉक्टरांनी जवळजवळ तेच सांगितलं. या डॉक्टर पाठीच्या नव्हत्या, जुनाट दुखण्याच्या होत्या. त्यांनी फिल्म उजेडात धरल्याच नाहीत. त्याच्या छातीला एक पट्टा बांधला आणि पाच मिनिटं गप्प बसायला सांगितलं. समोरच्या पडद्यावर त्याच्या हृदयाचे ठोके उमटत गेले.

"दोन ठोक्यांमधलं अंतर नेहमी सारखं नसतं," त्या म्हणाल्या. "श्वास घेताना ते थोडं कमी होतं, सोडताना वाढतं. निवांत माणसात हा फरक चांगला दिसतो. तुमच्यात फार थोडा आहे. सतरा मिलिसेकंद."

"म्हणजे ठोके एकसारखे पडतायत."

"हो."

"मग चांगलंच आहे की. आमच्याकडे वाचनात फरक आला तर काट्याला सील मिळत नाही."

डॉक्टर हसल्या. "तुमच्या हृदयाला आत्ता लगेच सील मिळेल. तोच तर त्रास आहे."

मग त्यांनी समजावून सांगितलं. शरीरात धोक्याची घंटा वाजवणाऱ्या नसा असतात आणि ती बंद करणाऱ्याही असतात. त्याची घंटा सोळा महिन्यांपूर्वी वाजली ती थांबलीच नाही. नाडी चढलेली, स्नायू आवळलेले, झोप उथळ. आवळलेली पाठ दुखते, दुखलं की घंटा आणखी जोरात वाजते. आत काही मोडलेलं नाही, पण दुखणं खोटंही नाही.

त्याने नीट ऐकून घेतलं. "आमच्याकडे असा काटा येतो कधी कधी. फार दिवस कुणीतरी वर ओझं ठेवून दिलेलं असतं. ओझं काढलं तरी काटा शून्यावर येत नाही. आम्ही म्हणतो, काट्याला आठवण राहिली."

"अगदी बरोबर!" डॉक्टरांना उपमा फारच आवडली. "तेच झालंय. मग अशा काट्याचं काय करता?"

"भंगारात काढतो. तो दुरुस्त होत नाही."

"माणूस काटा नसतो," त्या म्हणाल्या, आणि कागदावर व्यायाम लिहू लागल्या.

मिनिटाला सहा श्वास, दिवसातून दोनदा. चालणं. रिकामी बादली उचलायची, मग थोडं थोडं पाणी भरत न्यायचं. आणि घरी दिलेला तसाच एक पट्टा बांधून रोज सकाळी एकदा, एकदाच, तो आकडा बघायचा.

पहिले तीन आठवडे सोन्यासारखे गेले. सतरा, एकोणीस, अठरा, तेवीस, सव्वीस. बादली अर्धी भरली. एका सकाळी तो शिंकला आणि काहीच झालं नाही, तेव्हा बायकोने स्वयंपाकघरातून ओरडून विचारलं, "जिवंत आहात ना?" दोघं कितीतरी वेळ हसली. हसतानाही दुखलं नाही.

पण एकच वाचन म्हणजे वाचन नव्हे, हे तो एकवीस वर्षं नवख्यांना शिकवत आला होता. एकाच वजनाची पाच वाचनं घ्यायची, मग बोलायचं. चौथ्या आठवड्यात त्याने सकाळी पाच वाचनं घेतली. ती जुळली नाहीत. मग चहाआधी पाच आणि चहानंतर पाच. बसून, उभ्याने, खिडकी उघडी, खिडकी बंद. न जुळणाऱ्या आकड्यांमागे काहीतरी कारण असणारच, आणि ते सापडेपर्यंत सोडणं त्याच्या स्वभावात नव्हतं. आकडा उतरू लागला. उतरला म्हणून तो आणखी वेळा बघू लागला. सहाव्या आठवड्यात बायकोला गादीखाली वही सापडली. एक हजार एकशे चार नोंदी होत्या.

"अहो, एक सांगा," ती वही चाळत म्हणाली. "तुम्ही श्वास कधी घेता?"

"अगं, पुन्हा पुन्हा बघितल्याशिवाय कळणार कसं?"

"माझी नवशिकी मुलं अशीच असतात. रस्त्याकडे बघायचं सोडून बोनेटकडे बघतात, गाडी सरळ चाललीय ना म्हणून. म्हणूनच ती वाकडी जाते."

शेवटचा आकडा पंधरा होता. सुरुवातीपेक्षा दोनने कमी. डॉक्टरांनी फोनवरच पट्टा काढून घ्यायला सांगितलं. बायकोने तो गाडीच्या डिकीत टाकला आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये ठेवली.

उरलेल्या सहा आठवड्यांसाठी मामा पुढे आले. मामा म्हणजे वजनांच्या गाडीचे ड्रायव्हर. कुणाचेही सख्खे मामा नव्हते, पण निम्मं कार्यालय त्यांना मामा म्हणत असे. ते म्हणाले, "बादल्या कसल्या उचलतोयस, सूनबाई आहेस का? सकाळी सातला कार्यालयाच्या मागच्या आवारात ये. कुणी नसतं. खरं वजन उचल."

"मामा, वीस नाही जमणार."

"वीस कोण म्हणालं? पंधराचं देतो. एक जुनं पडलंय मागे. आकडा गेलाय त्याच्यावरचा, पण पंधराचंच आहे. मीच वाहिलंय दहा वर्षं."

वजन काळ्या रंगाने नव्याने रंगवलेलं होतं. त्याने मूठ धरली, गुडघे वाकवले आणि उचललं. जड लागलं, पंधराला लागावं त्यापेक्षा बरंच जड. पण खटकन झालं नाही, घंटा वाजली नाही. त्याने ते टेबलावर ठेवलं, उतरवलं, पुन्हा ठेवलं. चार वेळा.

"झालं?" मामांनी विचारलं.

"झालं. मामा, हे नक्की पंधरा ना? हाताला वीस लागतंय."

"दीड वर्ष उशा उचलल्यास. हाताला हत्ती लागेल."

ते खरंही असेल. पण त्याला ते फार लागलं. आयुष्यभर त्याचा हात चुकला नव्हता. नुसतं उचलून तो वजन शंभर ग्रॅमच्या आत सांगायचा, गोदामांतले हमाल त्याच्याशी पैज लावायचे आणि हरायचे. आता पाठ गेली ती गेलीच, आणि तिच्याबरोबर हातही गेला होता. पंधराला वीस म्हणणारा हात.

तरीही तो रोज सातला जात राहिला. सहा वेळा, आठ, आठ, अकरा. दुसऱ्या आठवड्यात चौदा. मामा डबा उलटा टाकून त्यावर बसत आणि मोजत. "कंबर कस, कंबर कस. पट्टे दोन आहेत तुझ्याकडे, एखादा तरी कामाला येऊ दे." चौथ्या आठवड्यात, बुधवारी, तो विसावर पोहोचला. नऊ मिनिटं दहा सेकंद. पाठीत फक्त ऊब होती, कामानंतर असते तशी. तो कठड्याला टेकून उभा राहिला. दीड वर्षात पहिल्यांदा त्याला पुढच्या महिन्याचा विचार सुचला. रंगाच्या त्याच गोदामाची तपासणी पुढच्याच महिन्यात होती.

"उद्या वीसचं आणतो," मामा म्हणाले. त्यांचा चेहरा इतका खुशीत होता की बघवत नव्हतं. "डिझेल भरून येतो. तू बस."

तो बसला असता तर बरं झालं असतं.

समोर कार्यशाळेचं दार उघडं होतं. आत तळकाटा होता, जमिनीवर बसवलेला, साठ किलोचा, खात्रीचा, दुखणं सुरू व्हायच्या आधी त्यानेच सील केलेला. वजनापासून काट्यापर्यंत तेवीस पावलं. त्याला संशय आला होता असं नाही. हात चुकतोय तर किती चुकतोय, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. चूक किती ते कळलं की ती वजा करता येते. त्याने वजन उचललं, तेवीस पावलं सहज चालत गेला आणि ते काट्याच्या बरोबर मधोमध ठेवलं.

आकडा स्थिरावला. वीस किलो, शून्य शून्य शून्य ग्रॅम.

त्याने नखाने रंग खरवडला. आत ठोकलेला आकडा होता, दोन आणि शून्य.

त्याचा हात चुकला नव्हता. पहिल्यांदा त्याच्या मनात तेच आलं, आणि तो स्वतःशीच हसला. मग वजन जागेवर नेऊन ठेवायला तो वाकला. वीसचं वजन. मुठीला बोटं लागायच्या आत छाती धडधडायला लागली, तळहात ओले झाले, आणि कमरेभोवती कुणीतरी दोर आवळावा तशी पाठ आवळत गेली. तो ओरडला. मामा डिझेल भरून आले तेव्हा तो तळकाट्याचा खांब धरून उभा होता आणि वजन काट्यावरच होतं.

"कुणी सांगितलं होतं मोजायला!" मामा म्हणाले. त्यांनी रुमालाने त्याचा चेहरा पुसला, मग त्याच रुमालाने स्वतःचे डोळे. "अरे गाढवा, कुणी सांगितलं होतं!"

घरी आल्यावर बायको त्याच्याकडे बघेना, त्यावरून त्याने ओळखलं.

"तूही होतीस यात."

"होते. रंग मीच लावला." तिने शेकायची पिशवी त्याच्या पाठीखाली सरकवली. "अहो, माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. सुरुवातीला मीच दाबते. मग हळूच पाय काढून घेते आणि सांगत नाही. पंधरा दिवसांनी सांगते की इतके दिवस गाडी तूच थांबवत होतास. मुलं आनंदाने ओरडतात."

"मीही ओरडलोच."

तिला हसू आलं आणि ते मध्येच मोडलं. "परवा सांगणार होतो आम्ही दोघं. नीट बसून, चहा करून. पण आता उलट बरंच झालं ना? तुम्ही वीस वेळा वीस उचललंय. तुम्हाला पक्कं ठाऊक झालंय. तुम्हीच तर वजन करून बघितलंत!"

"हो."

"मग?"

तिचा हिशोब चोख होता. त्याने तो सगळ्या बाजूंनी तपासला आणि कुठेही चूक सापडली नाही.

दोन दिवसांनी डॉक्टरांसमोरही त्याने हेच मांडलं. "मला पटलंय, डॉक्टर. पाठ वीस किलो उचलू शकते याचा पुरावा माझ्याकडे आहे. मग पाठीला का पटत नाही?"

"या मज्जासंस्थेला आमच्याकडे काय म्हणतात माहितीये? स्वायत्त."

"स्वायत्त म्हणजे आपला कारभार आपण बघणारी."

"हो. पचन, घाम, नाडी. यांतलं काहीच ती तुम्हाला विचारून करत नाही. पुरावे तुमच्याकडे असतात. ते तिच्या टेबलावर पोहोचतीलच असं नाही."

"कधीच नाही?"

"पोहोचतात. पण सावकाश, शेकडो वेळा तसंच घडल्यावर, तुम्ही लक्ष ठेवून नसताना." त्यांनी पेन खाली ठेवलं. "मामांचा उपाय मला विचारून केला असता तर मी नको म्हटलं असतं. पण खरं सांगू का, त्याच्याइतका परिणाम माझ्या कशाचाच झाला नव्हता."

"तो आता पुन्हा करता येणार नाही."

"नाही. आता वीसला पंधरा तुम्ही म्हणणार नाही."

"मुदत वाढवून मिळेल?"

डॉक्टरांनी आधीच पत्र लिहिलं होतं. कार्यालयाचं उत्तर आठवडाभरात आलं. फिल्मवर दोष नसल्याने मुदतवाढीचं कारण दिसत नाही, असं त्यात होतं. मामांनी ते वाचलं आणि म्हणाले, "कणा छान असल्याची शिक्षा."

उरलेले दिवस तो आवारात जात राहिला. मामांनी यावेळी उघड वीसचं वजन दिलं, वर आकडा स्वच्छ दिसणारं. तीन वेळा. पाच. दोन. एक दिवस सात, मग पुन्हा दोन. मामा आता मोजत नव्हते, डब्यावर बसून दुसरीकडे बघत. एका सकाळी ते म्हणाले, "डोळे मिटून उचल." त्याने डोळे मिटले. हाताला ते वीसच लागलं, अगदी बरोबर वीस.

शेवटच्या सकाळी बायकोने सुट्टी घेतली आणि त्याला गाडीने नेलं. तो मागच्या सीटवर आडवा होता. कार्यालयापुढे गाडी थांबवून ती वळली. "काही सांगू?"

"नको. आता जे सांगशील त्याचंही मी वजन करीन."

तिने हात मागे करून त्याचा पायाचा अंगठा दाबला आणि दार उघडायला उतरली.

तपासणीच्या खोलीत कार्यालयाचे डॉक्टर होते. तरुण होते आणि घाईत होते, पण वागायला चांगले होते. त्यांनी त्याच्या बोटाला नाडीची चिमटी लावली आणि पाच मिनिटं बाकावर पडू दिलं. मग शिपायाने वजन आणून टेबलाजवळ जमिनीवर ठेवलं. डॉक्टरांनी घड्याळ सुरू केलं. बंद काचेबाहेर मामा आणि बायको शेजारी शेजारी उभे होते. दोघांनीही तोंडावर हात धरला होता.

चाचणी संपल्यावर डॉक्टरांनी कागद भरून सहीसाठी त्याच्यापुढे सरकवला. त्याने उभ्यानेच वाचला. आकडे बरोबर होते. त्याने सही केली.

पडून असताना नाडी: मिनिटाला अठ्ठ्याहत्तर. वजन खोलीत आणल्यावर, हात लावण्यापूर्वी: एकशे चोवीस. वजन टेबलावर ठेवलं: चार वेळा. पाचव्या वेळी वजन जमिनीपासून नऊ सेंटिमीटर वर आलं.